बेसिनशेजारचा कलरीमीटर

“त्या डबड्याचे आकडे माझ्यासमोर आणू नकोस,” बाई म्हणाल्या. “चार वर्षं त्याच्या काट्यावर विसंबून राहिलीस, आता बघ. नवीन मशीन सांगतंय की फरक नाही. निरोगी उंदीर घे नाहीतर औषध दिलेला घे, निळा रंग सारखाच.”

“पण बाई, चार वर्षं दर वेळी फरक आलाय,” ताई म्हणाली. “डबडं प्रत्येक वेळी एकाच बाजूनं कसं चुकेल?”

“का नाही चुकणार? वाकडं दार रोज वाकडंच लागतं.”

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. आणि हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं, माझ्या अंगावर साबणाचं पाणी उडत असताना. कारण माझी जागा तेव्हा बेसिनच्या शेजारी होती.

आधी ओळख करून देतो. मी कलरीमीटर आहे. जुना आहे, राखाडी आहे आणि चिडका आहे. चिडका आहे हे कुणाला माहीत नाही, कारण मला तोंड नाही, नुसता एक काटा आहे. माझ्या पोटात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. मधे काचेची नळी ठेवायची. नळीतल्या पाण्याचा रंग जितका गडद, तितका उजेड कमी पोचतो आणि तितका माझा काटा चढतो. माझं काम एवढंच. सोपं वाटतं ना? मग करून बघा. माणसाला निळा दिसतो, फार तर गडद निळा दिसतो. मला निळ्याच्या शंभर पायऱ्या दिसतात.

एका लांबट शेडमधे माझा जन्म झाला. तिथं एक बाई दिवसभर काटे बसवायची. माझा काटा बसवला, हळूच फुंकर मारली, तो थरथरला. शेजारणीला म्हणाली, “हा जरा नाजूक आहे गं. पण खरा आहे.” मग मला खोक्यात घातलं. माझं पहिलं कौतुक ते. मी विसरलेलो नाही.

पुढे मी या प्रयोगशाळेत आलो. खिडकीजवळचं मोठं टेबल मिळालं, एकट्याचा प्लग मिळाला. कितीतरी जण आले, मोजून गेले. त्यातली शेवटची ताई. ताई इथं शिकते पण आणि काम पण करते. तिच्या कामावर देखरेख बाईंची. आणि तिसरे मामा. मामा उंदीर सांभाळतात. इमारतीच्या मागच्या बाजूला उंदीरखाना आहे, तिथले पिंजरे धुणं, पाणी बदलणं, वजन करणं सगळं त्यांच्याकडे. ते उंदीर घेऊन येतात, ताईच्या हातात देतात आणि पाठ फिरवून बेसिनवर हात धूत उभे राहतात. काम होईपर्यंत हात धुतात. तेवढे मळलेले नसतात हात.

आता ताईचं काम सांगतो, नाहीतर मी कशाला चिडलो ते कळायचं नाही.

आपल्या पोटात यकृत असतं, लिव्हर म्हणतात ते. त्याच्या आत एन्झाइम असतात, पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. एखाद्या मोठ्या घरातली माणसं समजा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक जण साखरेची कोठी सांभाळतो, रक्ताला लागेल तेव्हा दार उघडून साखर सोडतो. त्याला मी कोठीवाला म्हणतो. दुसरा एक आहे, तो घरात लहानपणी असतो आणि उंदीर मोठा झाला की जवळजवळ दिसेनासा होतो. त्याला मी परतलेला म्हणतो. का, ते सांगतो.

ताई काही उंदरांना पाण्यातून एक औषध द्यायची. औषध म्हणतात, पण असतं विष. त्यानं पुढे जाऊन यकृतात कॅन्सरच्या गाठी होतात. ताईला गाठी बघायच्या नव्हत्या. गाठी तर कुणालाही दिसतात. तिला त्याच्या आधीचं बघायचं होतं. गाठ नाही, उंदीर खातोय पितोय, यकृत लालबुंद दिसतंय, तेव्हा आतल्या घरात काही बिघडलंय का?

तर बिघडलेलं असतं. कोठीवाला कामाला टाळाटाळ करायला लागतो, आणि तो लहानपणी गेलेला गुपचूप परत येऊन बसतो. ताई यकृताचा तुकडा बर्फावर ठेवून काचेच्या नळीत घोटायची, त्यात रसायनं घालायची. कोठीवाला कामाचा असेल तर नळी निळी होते. परतलेला घरात असेल तर दुसरी नळी पिवळी होते. म्हणजे निळा उतरला आणि पिवळा चढला, की समजायचं या घराचं लक्षण ठीक नाही.

ज्या दिवशी पहिल्यांदा तसं दिसलं तो दिवस मला पाठ आहे. मामांनी आणलेला उंदीर चांगला गुबगुबीत होता. “याला काय धाड भरलीय?” मामा म्हणाले. यकृतावर साधा ठिपका नव्हता. ताईनं नळी माझ्यात ठेवली आणि माझा काटा निळ्याला अर्ध्यावरच थांबला. ताईनं नळी काढली, पुसली, परत ठेवली. परत तिथंच. पिवळा मात्र सरसर चढला. अडीच-तीन महिन्यांनी त्याच पिंजऱ्यातल्या भावंडांना गाठी निघाल्या. म्हणजे गाठीच्या आधी मी बोललो होतो. ताईनं त्या दिवशी माझ्या डोक्यावर थाप मारली. पुढच्या आठवड्यात तिच्या आईनं घरच्या जुन्या पडद्याचं माझ्यासाठी पांघरूण शिवून पाठवलं. निळं, कडेला पांढरी शिवण. अगदी मापाचं.

चार वर्षं मी असा राजासारखा राहिलो. मग ती आली.

तिला सगळे ‘नवीन मशीन’ म्हणतात. मी राणीसाहेब म्हणतो. दोन माणसांनी उचलून आणली. पांढरीशुभ्र, पुढे पडदा, पडद्यावर आकडे. हिला नळी लागत नाही. हिला शहाण्णव खळग्यांची ताटली लागते. ताटली आत घेते, गुरगुरते, मिनिटभरात शहाण्णव आकडे ओकते आणि वर टिंग करून सांगते की झालं. मी एवढी वर्षं काम केलं, कधी टिंग केलं का? काम करायचं आणि गप बसायचं, अशी आमची रीत.

बाई तर तिच्यासमोरून हलेनात. “बघ, काट्याकडे डोळे बारीक करून बघायला नको,” त्या म्हणाल्या. माझा प्लग काढला, तिथं तिचा लावला. माझी खिडकीजवळची जागा तिला दिली आणि मला बेसिनशेजारी ढकललं. ते पण एक वेळ सोसलं असतं. पण राणीसाहेबांचे पाय टेबलावर घसरत होते. खाली काहीतरी घालायला पाहिजे म्हणून कुणीतरी इकडंतिकडं बघितलं आणि माझं पांघरूण उचललं. चार घड्या घालून तिच्या पायाखाली सरकवलं. ताई बघत होती.

मित्रांनो, मी जळलो. कबूल करतो. रोज जळलो. तिच्यावर बसलेला धुळीचा कण मऊ फडक्यानं पुसायचे आणि माझ्यावर ओल्या बाटल्या वाळत घालायचे. माझा दिवा बसवायची खोबण ओलीनं ढिली झाली. मी मनात म्हणायचो, एकदा हिचं चुकू दे. एकदा सगळ्यांसमोर तोंडावर पडू दे.

आणि झालं की तसंच.

बाईंनी राणीसाहेबांच्या कपाळावर एक कागद चिकटवला होता: ‘ताटली पूर्ण भरल्याशिवाय मशीन चालवू नये.’ अर्ध्या भरलेल्या ताटल्या वाया जायला लागल्या म्हणून. पूर्वी ताई एक उंदीर झाला की त्याची नळी लगेच माझ्यात आणायची. मग दुसरा. आता ताटली भरायला सोळा उंदीर लागायचे. एकेकाला पंधरा मिनिटं धरली तरी चार तास. तोवर घोटलेलं सगळं बर्फात उभं करून ठेवायचं. आणि ताईची एक चांगली सवय, तिला बाईंनीच लावलेली: आधी निरोगी, मग औषधवाले. म्हणजे कात्रीला नाहीतर हाताला लागलेलं औषधवाल्याचं काही निरोग्याला लागायला नको. चांगलीच सवय आहे. फक्त त्यामुळे निरोगी सगळ्यात जास्त वेळ ताटकळायचे.

मला बेसिनपाशी बसून सगळं दिसत होतं. सकाळी ट्रेमधे बर्फ असायचा. दुपारी त्याचं पाणी झालेलं असायचं. पुढच्या रांगेतल्या नळ्या त्यात कलंडून तरंगायच्या. कोठीवाला मुळात नाजूक प्रकृतीचा. थांबवून ठेवला की मान टाकतो. निरोग्याचा कोठीवाला तिथंच कोमट पाण्यात पडून निकामी होत होता. आणि मग राणीसाहेब म्हणायच्या, सारखेच आहेत. पिवळ्याला काही झालं नव्हतं, परतलेला भारी चिवट. पण बाई म्हणायच्या, “पिवळा नुसत्या दुसऱ्या एखाद्या औषधानं पण वाढतो. एका साक्षीदारावर मी सही करणार नाही. निळा कुठंय?”

मला कळत होतं आणि मी मजा बघत होतो. सांगता आलं नसतंच, पण सांगायची इच्छा पण नव्हती. हे त्याहून वाईट.

भांडण झालं तो बुधवार होता. शुक्रवारी बाहेरून दोन परीक्षक येणार होते. फरक दाखवला तर काम पुढे चालणार. नाही दाखवला तर काम बंद, आणि ताईनं चार वर्षं गुंडाळून घरी जायचं. बाई शेवटी म्हणाल्या, “मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण जे नाही ते मी आहे म्हणणार नाही.” आणि गेल्या.

ताई तशीच उभी राहिली. मग तिनं काय केलं, तर माझ्यावरच्या बाटल्या उचलल्या. माझा प्लग लावला. दहा मिनिटं थांबली, मला तापायला तेवढी लागतात, ते ती विसरली नव्हती. खणातून लाल काच काढली, निळा मोजायला ती लागते. राणीसाहेबांना जे रंगीत पाणी दिलं होतं तेच नळ्यांमधे उरलं होतं. त्यातली निरोगी उंदराची नळी पुसून माझ्यात ठेवली.

“तू तरी सांग बाबा,” ती म्हणाली.

मित्रांनो, आता नीट ऐका. माझा दिवा ढिला होता हे सांगितलंच आहे. मी जरासा थरथरलो असतो तर दिवा मिणमिणला असता. उजेड कमी झाला की काटा चढतो, म्हणजे निळा गडद दिसला असता. ताईला तेच हवं होतं. तिनं मला मिठी मारली असती आणि राणीसाहेबांना खोटं पाडलं असतं. चार महिने मी ह्याच घडीची वाट बघत होतो. एकदा मिणमिणायचं, बास.

मी नाही मिणमिणलो. मी जळका आहे, पण खोटारडा नाही. काटा चढला, अर्ध्यावर थांबला. राणीसाहेबांनी सांगितलं होतं तेवढाच.

ताईनं दुसरी नळी लावली, तिसरी लावली. सगळ्या तशाच. तिनं कागदावर राणीसाहेबांचे आकडे आणि माझे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि स्टुलावर मट्कन बसली. मला एवढं कधीच लागलं नव्हतं. जिच्यावर जळतो तिचीच री ओढायची वेळ आली.

मामा बेसिनवर पाण्याच्या बाटल्या घासत होते. “काय म्हणतो आपला म्हातारा?”

“तेच म्हणतो. दोघं एकच सांगतायत, मामा.”

“मग दोघांचं बरोबर असेल.”

“मग चार वर्षं मी काय बघत होते?”

“ते मला अडाण्याला काय विचारता,” मामा म्हणाले. बाटली उपडी केली. “एवढे उंदीर गेले ते फुकट गेले म्हणायचं का, तेवढं सांगा. मला त्यांना पाणी घालावं लागतं सकाळी.”

मामांनी दुसरी बाटली घेतली.

“पूर्वी तुम्ही एकाला वाढून, जेवू घालून, उठवून मग दुसऱ्याला बसवायच्या. आता पंगत भरल्याशिवाय वाढतच नाही. पहिल्या पानावरचा बिचारा ताटकळून ताटकळून भूक मरून जातो त्याची.” मग बोटानं ट्रे दाखवला. “बर्फाचं पण पाणी झालंय कधीचं. टाकू का ओतून?”

“थांबा,” ताई म्हणाली. “हात नका लावू.”

ती उठली. ट्रेपाशी गेली, तरंगणाऱ्या नळ्या बघितल्या. पुढची रांग निरोग्यांची, सकाळी साडेनऊची. मग माझ्याकडे बघितलं, मग राणीसाहेबांकडे.

“मशिनींचं भांडणच नाहीये,” ती म्हणाली. “दोघांनी बरोबर सांगितलं. मीच मेलेलं मोजायला दिलं.”

“म्हणजे?” मामा.

“म्हणजे उद्या किती उंदीर आहेत?”

“या खेपेचे सहा उरलेत. तीन साधे, तीन औषधवाले. त्याच्यापुढे माझ्याकडे मागू नका.”

गुरुवारी सकाळी बर्फ डोंगराएवढा आणला. एक उंदीर, एक नळी, लगेच माझ्यात. मामा पाठ फिरवून हात धूत होते. पहिला निरोगी. काटा चढला, अर्धं ओलांडलं, आणखी वर गेला. निळाशार. औषधवाल्याचा अर्ध्यावर. दुसरी जोडी तशीच, तिसरी तशीच. मामांनी मागे न बघता विचारलं, “आलं का काही?” ताई म्हणाली, “आलं.” मामांनी नळ बंद केला.

बाई आल्या, वाकून काट्याकडे बघितलं. डोळे बारीक करूनच बघावं लागलं त्यांना. मग म्हणाल्या, “नवीनमधे पण घाल. आत्ताच्या आत्ता.”

“ताटली भरलेली नाही, बाई. सहाच आहेत.”

बाई राणीसाहेबांपाशी गेल्या आणि तो चिकटवलेला कागद स्वतःच ओढून काढला. अर्धा निघाला, अर्धा नखांनी खरवडला. “घाल म्हटलं ना.”

राणीसाहेब गुरगुरल्या, टिंग केलं. माझेच आकडे. वर दशांशापुढे तीन घरं जास्त. तेवढा भाव खायची सवय आहेच तिला.

शुक्रवारी परीक्षक आले. ताईनं चुकलेले आकडे पण दाखवले, लपवले नाहीत. एक जण माझ्याकडे बोट करून म्हणाला, “हे अजून कशाला ठेवलंय?” ताई म्हणाली, “हा पण नवीनसारखंच बोलला, म्हणून चूक कुठं आहे ते सापडलं.” तो हसला. काम पुढे चालू राहिलं. मग सगळ्यांनी फोटो काढला. कुणाच्या शेजारी उभं राहून ते विचारू नका. ताईनं जे लिहून छापायला पाठवलं त्यात पण राणीसाहेबांचं नाव आहे, कुठल्या कंपनीची ते आहे, सगळं आहे. माझ्याबद्दल एक ओळ आहे, तीपण कंसात. ताई मामांना वाचून दाखवत होती, तेव्हा मी ऐकली. अजून जळतंय.

मग दुरुस्तीवाले आले. खोबण घट्ट केली, म्हणाले की असले दिवे आता बनत नाहीत, हा शेवटचा. रोज शंभर नळ्या नाही झेपणार याला, पण एखाद्या शाळेत दिवसाला पाच-सहा सहज करेल. म्हणून मी तुमच्याकडे येतोय. म्हणून तर एवढी सगळी कहाणी सांगत बसलो.

तर आल्यावर एवढं करा. मला पाण्यापासून लांब ठेवा. वापरायच्या आधी दहा मिनिटं तापू द्या, घाई करू नका. नळीला बोटांचे ठसे असले की मला ते पण रंगासारखे दिसतात, म्हणून पुसून ठेवा. पहिल्या नळीला दहाव्या नळीसाठी थांबवून ठेवू नका. आणि माझा आकडा आवडला नाही तर मला डबडं म्हणायच्या आधी, मला काय दिलं होतं ते एकदा बघा. कुणाच्या तरी पोटातून आलेलं असतं ते. फुकट घालवू नका.

आज सकाळी ताईनं दोघांना हाक मारली, राणीसाहेबांना जरा उचलून धरायला सांगितलं आणि खालचं माझं पांघरूण काढून घेतलं. धुतलं, वाळवलं, आत्ताच माझ्यावर घातलं. तिच्या चार पायांचे गोल वळ आहेत त्याच्यावर, धुऊन पण गेले नाहीत. राणीसाहेब आता उघड्या टेबलावर घसरतायत. मी बघितलं नाही असं दाखवतोय.

तुमच्या शाळेत म्हणे पितळेचं एक मायक्रोस्कोप आहे आणि सगळी मुलं त्याच्याभोवती गर्दी करतात. असू दे. येऊन बघतोच त्याच्याकडे.

मामा ट्रॉली घेऊन दारात उभे आहेत, वायर गुंडाळतायत. ताई समोर दिसत नाही, माझ्या मागे बेसिनवर नळ मात्र चालू आहे. हात धूत असेल. मला आता निघायला पाहिजे.